पडवीत वाळत घातलेला शर्ट

प्रभूवर विश्वास आहे का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणेन. मंडळीबद्दल, म्हणजे आमच्या चर्चबद्दल, विचारलं तर मात्र काय उत्तर द्यावं ते मला अजून कळत नाही. हे लिहिताना माझं मन शांत नाही, ते आधीच सांगते. साक्ष, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते, लिहिणारं माणूस गोड शब्दांत लिहितं. मला तसं जमणार नाही. पण जे झालं ते झालं, आणि त्याबद्दल आभार न मानता राहिले तर तेही खोटंच होईल.

आमचं घर लोणावळ्यात, भांगरवाडीत. आमची मंडळी सुरू झाली तेव्हा जेमतेम चार-पाच घरं होती. वलवणला एका गल्लीत खोली भाड्याने घेतली होती. हे ढोलकी वाजवत, मी चटया घालत असे आणि उपासना संपली की सगळ्यांना चहा. पुढे मंडळी वाढली. पुण्या-मुंबईहून आलेली, बंगले घेतलेली कुटुंबं येऊ लागली, तशी खोली सुटली आणि हायवेकडे मोठा हॉल मिळाला. त्या वर्षी पास्टरांनी मंडळीचं व्हिजन ठरवायला सगळ्यांना एका रिसॉर्टमध्ये नेलं होतं. दिवसभर चर्चा झाली आणि शेवटी चार मूल्यं ठरली. प्रेम, सत्य, सेवा, कुटुंब. मी शिवणकाम करते, म्हणून बॅनर माझ्याकडे आला. निळ्या कापडावर पांढरी अक्षरं मी कापून शिवली. खाली ओळ होती, ‘आपण एक कुटुंब आहोत.’ तो बॅनर हॉलच्या दारात लागला तेव्हा यांनी सगळ्यांना बोलावून बोलावून सांगितलं, हे आमच्या हिने शिवलंय.

नंतर यांचं डोकं हळूहळू साथ सोडू लागलं. आधी नावं विसरत, मग घराचा रस्ता. बोलणं तुटक झालं. पण ढोलकीचा आवाज कानावर पडला की हे मोठ्याने गायचे, सूर सोडून, भलत्याच ठिकाणी. कधी प्रार्थना चालू असताना उठून उभे राहायचे. लोक मागे वळून बघायचे. एकदा उपासनेनंतर पास्टरांच्या पत्नीने माझा हात हातात घेतला आणि अगदी प्रेमाने म्हणाली, “ताई, तुमची किती ओढाताण होते. घरीच बसून लाइव्ह बघत जा ना. नवीन लोक येतात, त्यांचं लक्ष जातं.” तिचा स्वर इतका मऊ होता की मी ‘हो’ म्हणून बसले. घरी आल्यावर कळलं, आपल्याला येऊ नका म्हणून सांगितलंय.

त्यानंतर आमचा रविवार म्हणजे फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि समोर दोघांनी बसायचं. सुरुवातीला कोणी ना कोणी विचारपूस करायचं. मग तेही कमी होत गेलं.

तो रविवार श्रावणातला होता. सकाळपासून धुकं आणि बारीक पाऊस. फोनवर गाणी सुरू करून दिली, यांना खुर्चीत बसवलं आणि मी अंघोळीला गेले. बाहेर आले तर खुर्ची रिकामी, दाराची कडी काढलेली. शेजारी विचारलं, कोणी पाहिलं नव्हतं. गाणी ऐकून हे हॉलकडे निघाले असतील, असं मला वाटलं. रिक्षा मिळाली, पण रविवारच्या पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. वलवणचं धरण तिथून लांब नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही येतच नव्हतं.

हॉलच्या दारात अमित उभा होता. हा मुलगा मंडळीत आला तेव्हा त्याला नोकरी नव्हती, कितीतरी दिवस आमच्याकडे जेवायला असायचा. मी म्हटलं, “अमित, हे घरातून निघून गेलेत. आत आलेत का?”

“नाही आले, काकू.”

“मग माइकवर सांगायला सांग. दोघं-चौघं गाड्या घेऊन निघाले तर सापडतील.”

तो आत बघून परत माझ्याकडे वळला. “पास्टरांचा संदेश चालू आहे, काकू. लाइव्ह आहे. मध्येच थांबवता नाही येणार. थोडं थांबा, पंधरा-वीस मिनिटांत संपेल. मी स्वतः सांगतो पास्टरांना.”

“तोपर्यंत धरणाकडे गेले तर?”

“काही होणार नाही. प्रभू आहे ना. तुम्ही बसा, पाणी आणू का?”

मी त्याच्याशी भांडले नाही. आत ओळखीच्या पाठी दिसत होत्या. एक-दोघांनी वळून पाहिलंसुद्धा, आणि ओठांवर बोट ठेवून पुन्हा पुढे बघितलं. त्या दिवशी संदेश कशावर होता ते मला आठवत नाही. मी बॅनरखालून बाहेर पडले आणि पावसात चालत सुटले.

चालता चालता मी प्रार्थना केली. तिला प्रार्थना म्हणावं का, मला माहीत नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी म्हटलं, “तुझी माणसं कामात आहेत. मला काही सुचत नाही. आता तुझं तू बघ.” रागाने म्हटलं. विश्वास त्यात किती होता, देव जाणे. पण तेवढं म्हटल्यावर डोकं जरा थांबलं. थांबलं तेव्हा मनात आलं की यांना नवा हॉल आठवणारच नाही. यांच्या लेखी प्रार्थना म्हणजे वलवणची ती खोली.

गल्लीत शिरले तर जुनी खोली पाडून तिथे पर्यटकांसाठी बंगला झालेला. कुलूप होतं. आता कुठे जावं म्हणून वळले, आणि समोरच्या घराच्या पडवीत, अगदी रस्त्याकडच्या टोकाला, यांचा शर्ट वाळत घातलेला दिसला. निळ्या रेघांचा, मीच शिवलेला. पावसाचे दिवस, तिथे काही तो वाळणार नव्हता. मी पडवीपाशी गेले. आतून आवाज आला, “कोन हाय? आजोबांचं मानूस का?”

आत हे खाटेवर बसले होते. अंगात कोणाचा तरी सदरा, कमरेला लुंगी, पाय कोरडे, हातात चहाची बशी. घर कमलताईंचं होतं. एकट्या राहतात, साठी ओलांडलेली, थोडी भातशेती आहे. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. हे त्या बंगल्याच्या कुलपाशी उभे राहून दार वाजवत होते म्हणे. भिजलेले, घाबरलेले, आणि कपड्यांत घाण झालेली. त्यांनी हाताला धरून आत आणलं, गरम पाण्याने सगळं धुतलं, कपडे बदलले.

“नाव इचारलं तर सांगता येईना,” त्या म्हणाल्या. “मग म्हनलं, शोधत कोन आलं तर शर्टावरनं वळखंल. म्हनून रस्त्याकडं टाकला.”

“तुम्ही हे सगळं स्वतः धुतलंत?”

“मग काय तसंच बसवायचं? आमच्या सासऱ्यांचं बी असंच झालं व्हतं. बसा तुमी, चहा घ्या. लय भिजलाय.”

मी तिथे बसून रडले. त्यांनी रडू दिलं.

सोमवारी पास्टर फळं घेऊन आले. अमितला फार वाईट वाटतंय, असं म्हणाले. मग शर्टाचं ऐकून म्हणाले, “ताई, केवढा चमत्कार केला प्रभूने. पुढच्या रविवारी साक्ष द्या. लोकांचा विश्वास वाढेल.”

मी विचारलं, “दारात काय झालं तेही सांगू?”

ते म्हणाले, “ते कशाला? नवीन विश्वासणारे आहेत, अडखळतील. शर्ट दिसला तिथून सुरू करा.”

“मग माझ्याकडे साक्ष नाही,” मी म्हटलं.

त्यांनी प्रार्थना केली आणि निघून गेले. मी डोळे मिटले होते, पण आमेन म्हटलं नाही.

हिवाळ्यात हे गेले. झोपेतच गेले. तेव्हा मात्र मंडळी आली. शवपेटी, फुलं, गाडी, सगळं त्यांनी केलं, मला कशाला हात लावू दिला नाही. हॉल भरला होता. यांच्या ढोलकीबद्दल, यांच्या सेवेबद्दल किती जण बोलले. हे जेव्हा मोठ्याने गायचे तेव्हा मान वळवणारे तेच होते. मी सगळ्यांचे आभार मानले. ते मनापासून होते का, हे प्रभूला माहीत आहे.

नंतर एका दुपारी मी कमलताईंकडे गेले. त्या पडवीत तांदूळ पाखडत होत्या. इतके दिवस मनात होतं ते बोलले. म्हटलं, “माझ्या प्रभूनेच तुम्हाला त्या दिवशी तिथे ठेवलं होतं.”

त्यांनी सूप थांबवलं नाही. “तुमच्या देवाचं मला काय म्हाईत न्हाई, ताई. मी देवबिव मानत न्हाई. मानूस दारात कुडकुडत व्हतं, त्याला आत घ्यायचं सोडून दुसरं काय करायचं?”

त्यांच्या चांगुलपणावर माझ्या देवाचं नाव लावायचा हट्ट मी तिथेच सोडला. कोणी पाठवलं, कसं पाठवलं, हे मी आता कोणाला पटवत नाही.

अजूनही रोज प्रार्थनेला बसते. सगळ्यांची नावं घेते, पण अमितचं आणि पास्टरांचं नाव आलं की घशाशी अडकतं. पूर्वी मी ते जबरदस्तीने पुढे ढकलायची. आता ढकलत नाही. हे अडकलंय, माझ्याने निघत नाही, तुला जमेल तेव्हा तू काढ, एवढंच सांगते. मग कमलताईंचं नाव घेते. त्यांच्यासाठी काय मागावं ते मला कधी सुचत नाही. त्यांनी काही मागितलेलंच नाही. म्हणून नुसतं नाव घेते आणि थोडा वेळ तशीच बसून राहते.