साखरेवालीचा ढीग

बाळापूरच्या हळदीच्या शेडमध्ये आम्ही पंधरा-सोळा बाया हळकुंडं निवडायचो. लांब एकीकडे, गोल गट्टू दुसरीकडे, तुटकं तिसरीकडे. जिचं माहेर जिथलं, त्या गावावरून तिला हाक. साखऱ्याहून आलेली एक साखरेवाली होती. तिशीची, कामाला वाघीण. पण कुणाच्या तोंडाकडं बघायची नाही आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिच्या लांब हळकुंडांत एक तुटकं शोधून दाखवायची पैज आम्ही कितीदा लावली आणि हरलो.

भांडण व्हायचं ते संध्याकाळी. आमच्यात रीत होती. जिचा ढीग आधी संपला तिनं उठायचं नाही, शेजारणीच्या ढिगात हात घालायचा आणि सगळ्यांनी मिळून उठायचं. साखरेवालीच्या ढिगात हात पडला की ती अशी किंचाळायची की पत्र्यावरची कबुतरं उडायची. मग आपलं निवडलेलं सगळं पुन्हा एकत्र करून ती पहिल्यापासून सुरू करायची.

"काहून वरडून राहिली गं? म्या काय चावले व्हय तुला?"

"मदत करावं तर ही तऱ्हा! हिची सासू कशी निभावती, देव जाणे."

एका शनिवारी मुकादमीण तिला म्हणाली, "बाई, सोमवारपासून येऊ नको. तुझ्यापायी रोज अंधार होऊन राहिला." साखरेवालीचे हात थांबले. याआधी खुरपणीच्या कामावरूनही तिला असंच घरी बसवलं होतं.

मी तिच्या मागं, भिंतीला टेकून बसायचे. चारचौघींत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची, त्यामुळं बघायला वेळच वेळ. जे दिसलं होतं ते सांगावं म्हणून मी रांजणापाशी मुकादमिणीला गाठलं.

"काय पुटपुटून राहिली गं कळमनुरीवाले? जोरात बोल."

"तिच्या ढिगात हात..."

"हात काय?"

"घालू नका!"

हे इतक्या जोरात निघालं की सगळी शेड वळून बघायला लागली. मी तोंडावर पदर घेतला आणि उरलेलं पदरातूनच सांगितलं. दिवसभर ती एकदा तरी ओरडते का? परका हात पडला की तिची मांडामांड मोडते.

"मदत करायची न्हाई म्हंती? मंग माणुसकी कशात राहिली?" मुकादमीण म्हणाली. मग साखरेवालीकडं बघून, "सोमवारी येऊ दे तिला. एक दिस बघू."

सोमवारी आमचे ढीग संपले, तिचा टोपलीभर उरला. रिकामं बसणं एवढं कष्टाचं असतं हे तेव्हा कळलं. एकीनं हात मांडीखाली दाबून धरले. एकीनं अंबाडा तीनदा सोडून तीनदा बांधला. आणि सवयीनं हात गेला तो मुकादमिणीचाच. शेजारणीनं तो फटकन मारला.

"मुकादमीणबाई, हात!"

"अगं बाई, आपोआप गेला की!"

साखरेवालीनं शेवटचं हळकुंड ठेवलं. कबुतरं पत्र्यावरच होती. मुकादमिणीनं हात पाठीमागं बांधून, वाकून तिन्ही ढीग पाहिले.

"बराबर आहे. उद्या ये."

"परवा?" साखरेवालीनं विचारलं.

"परवाबी ये."

"तेरवा?"

"अगं माय माझी, रोज ये!"

तेव्हा कुठं ती उठली. तिच्याबरोबर आम्ही सगळ्या.