ज्याची बिडी, त्याच्या हाती फडकं

खळ्यावर धान उफणताना फोल कुणी मुद्दाम गोळा करत नाही. वारा वाहतो, फोल आपोआप एका बाजूला साचतं, आणि दिवस मावळताना बघावं तर त्याचाच ढीग मोठा. आमच्या मास्तरांच्या वर्गाचे किस्से तसेच साचले. मी गेलो होतो अडाणीपणा दूर करायला. परत आलो की मित्र विचारतात, "किती शिकले?" मी उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि बाहेर पडतो किस्सा.

आधी थोडं सांगायला हवं. लहानपणीच मामाकडे पुण्याला शिकायला गेलो, बी. ए., बी. टी. होऊन गोंदियाला परत आलो. तेव्हा प्रांतात साक्षरतेची मोहीम जोरात होती. प्राथमिक शाळेच्या मास्तरांनी दिवेलागणीला गावातल्या मोठ्या माणसांना शिकवायचं, आणि मोठ्यांना कसं शिकवायचं हे मास्तरांना मी शिकवायचं, असं ठरलं. उन्हाळ्यात गोंदियाला वर्ग, पावसाळ्यात ज्याच्या-त्याच्या गावी सराव आणि दिवाळीनंतर तपासनीस साहेबांसमोर नमुना पाठ. वाटलं, देश घडवायची संधी चालून आली. चोवीस वर्षांच्या माणसाला असंच वाटायला हवं, असं मला अजूनही वाटतं.

* * *

पहिल्या दिवशी मी भाषण केलं. "प्रौढ विद्यार्थी हा मूल नव्हे. तो घर चालवतो, शेती करतो. त्याचा मान राखून शिकवा." मास्तर मंडळी माना डोलवत होती. मला भरून आलं.

मग पुढच्या रांगेतल्या राऊत मास्तरांना म्हटलं, एक छोटा पाठ घेऊन दाखवा. केशोरीच्या बाजूच्या एका खेड्यातले हे मास्तर, केस पिकलेले, कोट विटलेला. ते उठले आणि कोटाच्या बाहीतून त्यांनी बांबूची छडी काढली. तेल पाजलेली होती.

"मास्तर, ही कशाला?"

"पाठासाठी जी."

"आजोबांच्या वयाच्या माणसाला माराल?"

"मारत नाई जी. नुसती धरतो. हातात छडी असली की बोलाची हिंमत येते. नसली की घशातून सबदच नाई निंगत."

मी हादरलो. इतकी वर्षं शिकवणारा माणूस हे सांगत होता, आणि बाकीच्या मास्तरांपैकी कुणालाही त्यात नवल वाटलं नाही. छडी मी त्यांच्याकडून घेतली आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्या दुपारी ते मला गाठून हळूच म्हणाले, "सर, एक सांगू का? मी अजून हंगामीच हाओ. यंदा नमुना पाठात पास झालो त कायम करतीन. नाई झालो त शाळा गेली. या वयात मले नांगर कोन धरू देईन?"

मी म्हटलं, "पास व्हाल. छडीशिवाय व्हाल."

त्यांनी नुसतं कपाटाकडे पाहिलं.

* * *

सरावासाठी गोंदियात प्रौढ कुठून आणायचे? एक बिडी कारखानदार म्हणाला, माझे मजूर घ्या, पण काम थांबायला नको. मजूर मांडीवर सूप घेऊन बसलेले, सुपात तंबाखू आणि तेंदूपान. मास्तरांनी त्यांच्या शेजारी बसून अक्षरं दाखवायची, मजुरांनी बिड्या वळता वळता बघायची.

आठवडाभराने मी पाहणीला गेलो. बाहेरूनच जमनाबाईचा आवाज आला. ही तिथली सगळ्यांत जुनी मजूरीण.

"मास्टरजी, आपकी बीड़ी ढीली है. फिर से खोलो."

आत पाहतो तर माझे मास्तर मांडीवर सूप घेऊन रांगेत बसलेले. राऊत मास्तर जीभ बाहेर काढून पान दुमडत होते. फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

मी विचारलं, "अक्षरं किती आली यांना?"

जमनाबाई म्हणाली, "हमको तो एक भी नहीं आया, बाबू. पर आपके मास्टर लोग होशियार हैं. दो तो पक्के हो गए."

* * *

पावसाळा लागला. मी गावोगावचे वर्ग बघायला निघालो. छोट्या लायनीच्या आगगाडीने अर्जुनी, पुढे बैलगाडी, पुढे चिखल. राऊत मास्तरांचा वर्ग शाळेच्या पडवीत भरत असे. त्यात एक बुधराम होता, गावच्या मालगुजाराकडे नांगर धरणारा गोंड माणूस. दिवसभर धानाच्या बांधीत चिखलणी करून यायचा, चिखल पोटऱ्यांवर वाळलेला असायचा.

आमच्याकडे मोठ्यांसाठी पुस्तकंच नव्हती, म्हणून पोरांची पहिलीची पुस्तकं वाचून घ्यायची. बुधराम बोट ठेवून एक एक अक्षर जोडत होता.

"बा... ळा. ल... व... कर. नी... ज."

"शाबास," मी म्हटलं. "आता सगळं एकदम वाच."

"बाळा, लवकर नीज."

एवढं वाचून त्याने पुस्तक मिटलं, पाटी डोक्याखाली घेतली आणि आडवा झाला. मला वाटलं, गंमत करतोय. पण तो घोरू लागला.

मास्तरांनी त्याला हलवलं. "बुधराम, कायले झोपून राहिला रे?"

डोळे न उघडता तो म्हणाला, "पुस्तकातच लिवलं हाय ना जी."

* * *

त्याच मुक्कामी मालगुजाराने मला घरी बोलावलं. भरपूर जमीन, भल्या मोठ्या मिशा, आणि सही म्हणून अंगठा. लपूनछपून नव्हे, उघड वर्गात येऊन बसायचा. मला त्याचं कौतुक वाटत होतं.

"सर, तुमच्या मास्तराची तक्रार हाय."

"काय केलं त्यांनी?"

"काई करतच नाई. मारत नाई."

मी म्हटलं, मारणं मीच बंद केलंय.

"काऊन?"

मी पुण्यात शिकलेलं सगळं सांगितलं. मोठ्या माणसाचा मान, भीती, मन. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"माह्या लहानपनी इथं शाळा नोयती, म्हनून मार बी नाई भेटला. माहे सारे सोबती आमगावले शिकले. बसले की मास्तरच्या छडीच्या गोष्टी सांगतेत, हसतेत, आन मी नुसता आयकतो. आता शिकून राहिलो त पुरं शिकू द्या ना."

मी राऊत मास्तरांना हे सांगितलं. ते दचकले. "बापा! माही झोपडी त्याहीच्याच जागेवर हाय जी. मालगुजारावर हात कसा उगारू?"

म्हणजे इतके दिवस मी ज्याला सुधारणा समजत होतो, ती त्यांच्या झोपडीची काळजी होती.

* * *

वर्गातला खरा त्रास होता धूर. सगळे बिड्या ओढायचे. पडवीत इतका धूर की फळा दिसेना. मी आरोग्यावर व्याख्यान दिलं. लोकांनी बिड्या ओढत ऐकलं.

मास्तर म्हणाले, "त्याहीच्यावरच सोडा जी." मग वर्गाने जातीची पंचायत बसते तशी पंचायत भरवली. गोल करून बसले, मधोमध पाण्याचा लोटा ठेवला. गुन्हा ठरला: वर्गात बिडी पेटवणं. दंड काय?

एक म्हातारा म्हणाला, "ज्यानं पेटवली, त्यानं साऱ्याले एक एक बिडी पाजावी."

हा दंड पुष्कळांना पसंत पडला. मी कपाळाला हात लावला. तेव्हा मालगुजार बोलला, "असं नोका करू. ज्याची बिडी, त्याच्या हाती फडकं. साऱ्याच्या पाट्या त्यानंच धुवाच्या."

ठरलं. लोट्यातलं पाणी सगळ्यांनी घोट घोट घेतलं. बुधराम मात्र लांब बसला होता, त्याच्या ओंजळीत वरून ओतलं. हे मी पाहिलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी परत तिथे गेलो तेव्हा, वाचता वाचता, सवयीने कानामागची बिडी काढून जो पेटवून बसला, तो मालगुजारच होता.

वाचन थांबलं. सगळे आपापल्या पाटीकडे बघू लागले. राऊत मास्तरांनी फडक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे. त्यांच्या घशातून आवाज निघेना. मालगुजाराला शांतता जाणवली. त्याने एकदा बिडीकडे पाहिलं, ती विझवली, उठला आणि फडकं ओलं केलं.

एकेक पाटी धूत तो बुधरामपाशी आला. बुधरामने पाटी छातीशी धरली. "माही मीच धुतो, मालक."

"आन इकडे."

"नोका ना जी. लोकं काय म्हनतीन?"

"नेम कोनाचा होता? माहाच ना? आन."

त्याने पाटी ओढून घेतली आणि धुतली. बाहेर कुणीतरी पळाल्याचा आवाज आला. आम्ही उठेपर्यंत गावभर झालं होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधीच मालगुजाराचा गडी पडवीत हजर. हातात नवं कोरं फडकं, तांब्याची बादली.

मास्तरांनी विचारलं, "तू कायले आला?"

"मालकीनबाईनं पाठोलं. मालकाले तलफ आली त म्या धुवाच्या. रोज इथंच बसून राहाचं म्हने."

वर्गात चर्चा झाली आणि निकाल लागला की बदली माणूस चालणार नाही. गडी म्हणाला, "मंग मी परत जाऊन काय सांगू?"

बुधराम म्हणाला, "बस ना. पाटी घे एक." गडी बसला. नंतर तोही ओढताना सापडला, आणि मालकीणबाईने दिलेलं फडकं शेवटी कामी आलं.

* * *

दिवाळीनंतर तपासनीस साहेब आले. नागपूरचे, करड्या सुटातले, कमी बोलणारे. मोटार गावाबाहेरच्या नाल्यात फसली, म्हणून उरलेली वाट बैलगाडीने. त्यामुळे मूड काही बरा नव्हता.

मी आदल्या दिवशीच जाऊन राऊत मास्तरांना बजावलं होतं. "उद्या काही वेगळं नको. पंचायत नको, फडकं नको. सरळ पाठ घ्या. तुमची नोकरी आहे यात."

"होय जी," ते म्हणाले. "मले रातभर झोप नाई."

वर्गानेही शब्द पाळला. सगळ्यांच्या कानामागे बिड्या होत्या, पण एकाचाही हात तिकडे गेला नाही. मालगुजार मिशी चावत बसला होता. साहेबांना पुढे खुर्ची दिली. पाठ सुरू झाला, आणि काय सांगू, सुरेख झाला. बुधरामने स्वतःचं नाव लिहिलं, बायकोचं लिहिलं, दोन्ही बैलांचं लिहिलं. साहेब खुर्चीत सैल झाले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. मी मनातल्या मनात मास्तरांना कायम करून टाकलं.

आणि साहेबांनी खिशातून चांदीची डबी काढली, सिगारेट ओठांत धरली आणि पेटवली.

पेन्सिलींची करकर थांबली.

बुधरामने आपली पाटी उचलून साहेबांच्या खुर्चीपुढे जमिनीवर ठेवली. त्यावर गड्याने आपली ठेवली. मग म्हाताऱ्याने. मग सगळ्यांनी. सगळ्यांत वर मालगुजाराची. साहेब त्या ढिगाकडे बघत राहिले.

"हे काय?"

 मी मास्तरांकडे बघून मान हलवली, नको, नको.  ते फळ्यापाशी गेले, परत आले. हात एकदा बाहीत गेला आणि रिकामाच बाहेर आला. मग ते कोपऱ्यात गेले. पाण्याचं भांडं आणि फडकं आणून त्यांनी साहेबांपुढे ठेवलं.

"साहेब," त्यांचा आवाज फाटला, "या वर्गात जो पेटवते, तो साऱ्याच्या पाट्या धुते जी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे.

"हा नियम कोणाचा?"

"आमचा," मालगुजार म्हणाला.

"तुम्ही धुतल्या आहेत?"

"दोनदा."

"दोनदा सापडलात?"

"पयल्यांदा सापडलो. या बुधरामची पाटी तवा घाईत धुतली होती, नीट नोयती झाली. म्हनून मंग एक डाव मुद्दाम पेटवली."

बुधरामने खाली पाहिलं.

साहेबांनी सिगारेट विझवली. कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या सारल्या, जमिनीवर बसले आणि वरची पाटी उचलली. पडवीत नुसता फडक्याचा आवाज. एकेक पाटी ज्याची त्याला परत जात होती. शेवटची, सगळ्यांत खालची, बुधरामची. त्याने ती उजेडात तिरपी धरून पाहिली आणि परत पुढे केली.

"कोपरा राह्यला जी."

साहेबांनी कोपरा धुतला.

मग हात पुसत उठले, कोट चढवला आणि मला म्हणाले, "या मास्तरांना कायम करायला माझी हरकत नाही. तसं कळवतो."  राऊत मास्तर खांबाला धरून उभे होते.

दाराशी जाऊन साहेब वळले. "मास्तर, एक विचारायचं राहिलं. मी पेटवल्यावर तुम्ही एवढा वेळ का लावलात?"

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

"छडी याहीच्या कपाटात हाय ना जी."