आई पावसाकडे गेली

चौल, १८ फेब्रुवारी, सकाळ. हजर: आई, वय अठ्ठ्याहत्तर, धाकटी बहीण शैला, ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सहून आईला न्यायला आलेली, वाडी सांभाळणारे दत्तूभाऊ, आणि मी, कॅनडातल्या कॅलगरीहून बांधाबांध करून द्यायला आलेली. वडील भिंतीवर. आमच्या घराची हजेरी आता एवढ्यात संपते.

गाडी दारात उभी होती. बॅगा वजन करून, नावाच्या चिठ्ठ्या लावून ओट्यावर ठेवलेल्या. ऑस्ट्रेलियात बी-बियाणं, माती, सालपट काही नेऊ देत नाहीत, म्हणून मी आईची हातातली पिशवी शेवटची एकदा तपासली आणि रुमालाच्या घडीतून न सोललेली, आमच्याकडच्या रोठा जातीची सुपारी बाहेर काढली. आईनं हात पुढे केला. मी ती दत्तूभाऊंकडे दिली.

"पोलीस झालीस गो तू, नंदे," आई म्हणाली.

"र्‍हाऊ दे वयनी," दत्तूभाऊ म्हणाले, "हितंच लावतो. तुमच्या नावाची हाय."

आई कायमची शैलाकडे राहायला निघाली होती. माझ्याकडे नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गाव सोडून गेलेल्यांना आणि गावात राहिलेल्यांना, दोघांनाही माझ्या लिहिण्यातला आंबटपणा कुठून आला ते कळेल.

मी याच ओट्यावरून निघाले तेव्हा आईनं पगार विचारला नव्हता, घर केवढं तेही नाही. "तिथं पिकतं काय?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, गहू. आईनं मान हलवली आणि माझ्या बॅगेत लोकरीची शाल कोंबली. चार वर्षांनी शैला निघाली. तोच प्रश्न. शैला म्हणाली, आंबे, केळी, नारळ. "मग काळजी नाही," आई म्हणाली. माझ्या वेळी हे वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं. ते मी विसरलेले नाही.

पुढे एकदा फोनवर मी तिला माझं गाव समजावून सांगितलं. पश्चिमेला मोठा समुद्र आहे, पण तो डोंगरांच्या पलीकडे. समुद्रावरून येणारा वारा ओला असतो, डोंगर चढताना सगळा पाऊस तिकडेच पाडतो. तिकडे आभाळाला टेकलेली झाडं. आमच्या बाजूला तो वारा उतरतो तेव्हा कोरडा ठणठणीत. झाडांना पुरेल इतकं पाणी नाही म्हणून नुसतं गवत, आणि हिवाळ्यात ते गवतही बर्फाखाली. आईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तू घाटावर गेलीस म्हण की," ती म्हणाली. आमच्याकडे याहून वाईट काही म्हणत नाहीत.

शैलाचं गाव मात्र आमच्या चौलची नक्कल. विषुववृत्ताच्या वर आम्ही जेवढे, खाली ती जवळजवळ तेवढीच. पुढे समुद्र, पाठीला डोंगर, मधल्या पट्टीत धो धो पाऊस आणि हिरवंगार रान. फरक एवढाच की तिचा पावसाळा आपल्या थंडीत येतो. व्हिडिओ कॉलवर ती तक्रारी सांगे: चपलांना बुरशी येते, कपाटातल्या साड्यांना वास मारतो, रस्त्याकडेच्या माडांचे नारळ डोक्यात पडतील म्हणून पालिकेची माणसं आधीच उतरवून नेतात. तिची तक्रारसुद्धा कोकणातली. आई खुर्ची पुढे ओढून ऐकायची, कापूर ठेव, कडुलिंब ठेव, असं सांगायची. माझी पाळी आली की, "बर्फ पडला का? जप हो."

तरी एकदा माझ्या अंगणाचंही तिनं मनावर घेतलं होतं. मी सफरचंदाचं रोप लावलं, थंडीत टिकणाऱ्या जातीचं. दुसऱ्या उन्हाळ्यात ते मरगळलं. आईला दाखवलं. आमच्या वाडीत पावसाआधी माडाच्या आळ्यात मीठ घालतात. तिनं तेच सांगितलं. दोन मुठी घाल, पाऊस लागला की मुरेल. वॉशिंग मशीनचं माहितीपत्रकसुद्धा मी पहिल्या पानापासून वाचते. पण सांगितलं आईनं होतं. मी मीठ घातलं.

पानांच्या कडा करपल्या, मग झाड वाळलं. नर्सरीतला माणूस म्हणाला की इथल्या मातीत आधीच क्षार असतात. पाऊस इतका थोडा की ते खाली वाहून जात नाहीत, सखल शेतांत वर पांढरे फुटून येतात. हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. 

"पाऊसच नाही, तर मीठ जाणार कुठं?" ती म्हणाली.

त्यानंतर तिनं माझ्या अंगणाबद्दल विचारणं सोडलं. सगळे प्रश्न शैलाला. मला वाटलं, मी घाटावरची म्हणून माझ्यावरचं मन उडालं.

मागच्या वर्षी आई विहिरीच्या पायऱ्यांवर घसरली. आता एकटीनं राहायचं नाही, हे ठरलं. दोन्ही देशांची कागदपत्रं मीच तयार केली. माझ्याकडे तळमजल्यावरची खोली रंगवली, बाथरूमला दांडे बसवले, गरम मोजे आणून ठेवले. शैलानं काय केलं? पावसात भिजणाऱ्या फणसाचा फोटो पाठवला. आईनं फणस निवडला.

म्हणून त्या सकाळी, शैला गाडीत बॅगा ठेवत असताना, मी आईला विचारलंच. माझ्याकडे काय कमी होतं?

"कमी काही नाही गो. तुझ्याकडे सगळं जागच्या जागी असतं. मीपण असेन," आई म्हणाली. मग चपलेत पाय घालता घालता: "एक झाड होतं तुझ्या दारात, ते मी इथं बसून मारलं. तिथलं मला काय कळतं? शैलीकडे निदान चार कामं सांगता येतील."

मला एवढ्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. मी तिच्यासाठी खोली तयार केली. काम एकही ठेवलं नव्हतं.

गाडी गेली. दत्तूभाऊंनी सुपारी ओल्या मातीत दाबली आणि मी कुलपं लावली.

आता मी कॅलगरीत आहे. शैलाकडे पावसाळा चालू आहे, म्हणजे आईला एका वर्षात दोन पावसाळे मिळाले. कॉलवर ती छत्री घेऊन अंगणात उभी असते, केळीची पिल्लं कुठली ठेवायची ते शैलाला सांगते, शैला चिखलात वाकलेली असते. मी बघते आणि माझा जीव जळतो. समजूत पटली म्हणून हेवा संपत नाही.

पण परवा शैलाला थांबवून आईनं फोन जवळ घेतला. सफरचंदाच्या त्या खड्ड्यातली खारट माती काढलीस का, म्हणाली. मी म्हटलं, नाही. मग तिनं विचारलं की तिथं कुणी न लावता आपोआप काय येतं. मी सॅस्कटून नावाच्या झुडपाचं सांगितलं. ओढ्याच्या उतारावर उगवतं, थंडी सोसतं, जांभळी फळं धरतं. नाव तिला दोनदा म्हणून बघावं लागलं. "तेच लाव," ती म्हणाली. "आणि मला दाखव. मी शिकेन."

चौलच्या घराची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पण घर म्हटल्यावर हल्ली मला कुंपणालगतचा तो खड्डा आठवतो, कारण आई त्याची चौकशी करते. मार्च संपत आला. रोप सांगून ठेवलंय, नवी माती गॅरेजमध्ये आणून ठेवलीय, फावडं कुंपणाला टेकवलंय. वरचा बर्फ गेला, खाली जमीन अजून गोठलेली आहे. जुनी माती काढायची राहिली आहे.