दुपारची आंबील

माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, त्याला आता दोन वर्षं होत आली. आठवड्यातून तीनदा सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात डायलिसिस असतं. लघवी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. डॉक्टरांनी दिवसाला साडेसातशे मिली ठरवून दिलं, चहा-आमटी धरून. मे महिन्यातल्या सोलापुरात साडेसातशे मिली म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

मोजण्याचं काम मी घेतलं. सकाळी एका बाटलीत तिचं दिवसाचं पाणी भरून ठेवायचो, चहा झाला की तेवढं बाटलीतून कमी करायचो आणि वहीत लिहायचो. सुरुवातीला ती हसायची. "अहो, घाम किती गेला तेही लिहा की. तेवढं परत द्या." मीही हसायचो, पण देत नव्हतो.

मी ऑफिसात असताना तिच्याजवळ कोणीतरी हवं म्हणून मैंदर्गीहून आईला आणलं. दोन आठवड्यांत वजन चुकायला लागलं. दोन डायलिसिसच्या मधे दोन किलोच्या आत वाढायला हवं, ते साडेतीन भरायचं. बाटली तर ठरल्याप्रमाणेच संपत होती. मी बायकोला विचारलं, ती म्हणाली, "बाटलीशिवाय पाण्याला हात लावला नाही." मी फ्रीजला कुलूप लावलं. न्हाणीघरात तिला जास्त वेळ लागला तर दार वाजवायचो. नळाला तोंड लावत असेल, असं वाटायचं. बावीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर असा संशय कधी घेतला नव्हता.

एका सोमवारी दुपारी आईचा फोन आला. "आरं, हिला धाप लागलीया. आडवं बी होता यीना."

रिक्षात तिचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात लगेच मशीन लावलं. फुप्फुसात पाणी भरलंय, म्हणाले. काय काय प्यायल्या, विचारलं. मी वही पुढे केली. डॉक्टरांनी ती चाळली आणि म्हणाले, "एवढ्यानं असं होत नाही. आणखी काय?"

मागून आई म्हणाली, "पानी एक थेंब जास्त दिलं न्हाय वो. दुपारी आंबील तेवढी देते, दोन तांबे."

"आई, आंबील म्हणजे पाणीच की!"

"पानी कसं आसंल? ज्वारीचं पीठ हाय, ताक हाय. अन्न हाय ते. भाकरी गिळंना तिला, मग सुनंला उपाशी ठिवू व्हय?"

आमच्याकडे उन्हाळ्यात आजाऱ्याला आंबीलच देतात. मलाही तिनं तीच पाजून वाढवलं.

बायकोला मात्र सगळं कळत होतं. घरी आल्यावर मी म्हणालो, "तू तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर बंद केली असती तुम्ही."

"मरायला टेकली होतीस."

"माहितीय. दिवसभरात तेवढंच घशाखाली उतरत होतं."

आई दुसऱ्याच दिवशी गावाकडं गेली. मी थांब म्हणालो. "माज्या हातनं मरायची की रं ती," एवढंच बोलली. तेव्हापासून आमचा फोन ती उचलत नाही. माझ्या रजा संपल्या आहेत. आता दुपारी मुलगी घरी बसते, बारावीचा क्लास बुडवून. निघताना मी तिला रोज बजावतो, तुझी आई मागेल ते द्यायचं नाही.

गेल्या मंगळवारी वजन एक किलो आठशेच वाढलं. बऱ्याच दिवसांनी हिशेब बसला होता. मशीनवर असतानाच मी बायकोला आकडा सांगितला.

तिनं डोळे उघडले नाहीत. "पोरीनं काल स्वयंपाकघराला आतून कडी लावून घेतली," ती म्हणाली. "मी बाहेरून पाणी मागत होते. ती आत रडत होती."