नागपूरच्या फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं

१८ जुलै. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करणाऱ्या बायांसाठी शेतावर न्यायचा चहा गाळत होते, तेव्हा नागपूरच्या हॉस्पिटलमधून फोन आला.

माझ्या मुलीला, आरतीला, विल्सन्स डिसीज आहे. अन्नातलं तांबं शरीराबाहेर पडत नाही, यकृतात आणि मेंदूत साचतं. दोन वर्षांपूर्वी तिचं अक्षर बिघडलं, मग हात थरथरू लागले. गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. पण त्यांच्या जोरावर ती आज कॉलेजला जाते.

आजार दुर्मीळ, म्हणून नागपूर आणि मुंबई दोन्हीकडे तिचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे अशा रुग्णांच्या नोंदवहीत आहे. संशोधनासाठी आता या नोंदवह्या एकमेकींना जोडत आहेत.

फोनवरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “दोन्हीकडे मुलगी एकच, पण उत्तरं दोन. घरात आणखी कोणाला आजार? आमच्याकडे ‘नाही’, मुंबईला ‘मामेभाऊ वारला’. खरं काय?”

“मुंबईचं.”

आमचं साटंलोटं. मला सिहोऱ्याला दिलं, माझी नणंद कोंढ्याला माझ्या भावाला दिली. त्यांचा मुलगा हात थरथरत, पोट फुगून गेला. सगळे कावीळ म्हणाले. गेल्या वर्षी नागपूरला फॉर्म भरताना बाजूच्या बाकावर कोंढ्याचीच माणसं होती, आणि भाचीच्या, पल्लवीच्या, सोयरिकीची बोलणी चालू होती. मी ‘नाही’ लिहिलं. मुंबईत ओळखीचं कोणी नव्हतं, तिथे खरं सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी भावासाठी चिठ्ठी दिली: मुलीची तपासणी करा. ती मी भावाला दिलीच नाही.

“त्या मुलाला बहीण आहे?”

“आहे.”

“आम्हाला कळलं असतं तर तेव्हाच बोलावलं असतं. त्रास सुरू होण्याआधी गोळ्या मिळाल्या तर माणूस धडधाकट राहतो.”

आरतीची एकही गोळी मी चुकवली नाही, आणि भाचीचं वर्ष घालवलं. लाज वाटते, वाटायलाच हवी.

तुमच्यावर असा फॉर्म भरायची वेळ आली तर शेजारी कोण बसलंय ते बघू नका. वाटल्यास डॉक्टरांना बाजूला बोलवा, पण खरं सांगा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने भंडारा, तिथून कोंढा गाठलं. भाऊ म्हणाला, “बाई, मले तरी सांगाचं होतं.” नणंद उठून आत गेली.

चोवीस तासांची लघवी तपासतात, म्हणून मी पाच लिटरची कॅन नेली होती. पल्लवीने ती उचलून पाहिली. “आत्या, मी का म्हस आवो?”

मला हसता आलं नाही. तिला नागपूरच्या बसमध्ये बसवलं आणि शेजारी बसले.