आबांचा झटका आणि काशाची वाटी

पुण्याजवळच्या माण गावात मी ज्या घरात भाड्याने राहते, तिथले मालक विश्राम आबा. त्यांच्या छातीत, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलंय. हृदयाचे ठोके भलतेच सुटले की ते आतून विजेचा धक्का देऊन त्यांना ताळ्यावर आणतं. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणाला लावतात त्या यंत्राचंच नाव आबांनी त्याला दिलंय, झटका मशीन. "आता डुकराची बी माझ्याकडं यायची टाप न्हाई," असं वर सांगतात.

आबा जन्मभर भात लावणारा माणूस. जमीन गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या. नळ टपकला तरी आम्हा भाडेकरूंवर ओरडतात आणि मग स्वतःच पाना घेऊन येतात. पण दिवेलागणीला ओट्यावर पाय पसरून बसले की एकदम गप्प. त्यांची बायको, अनसूया मावशी, तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासत बसते. लावणीच्या चिखलाने पाय चिरायचे, तेव्हापासूनचा हा नेम. चिखल संपला, नेम राहिला.

तो माझ्या तोंडामुळे मोडला. मोबाइलवर दोन पानं वाचली की मला शिकवायची खाज सुटते. श्रावणात एकाच दिवशी आबांना तीन झटके बसले. ते दवाखान्यातून परतल्यावर चहा पिता पिता मी ज्ञान पाजळलं, "आबा, झटका जीव वाचवतो, पण हृदयाच्या पेशींच्या आवरणाला त्याने बारीक भोकं पडतात."

आबांनी कप खाली ठेवला. त्या संध्याकाळी मावशी वाटी घेऊन आली, तर त्यांनी पाय ओढून घेतले. "हात लावू नको." दुसऱ्या दिवशीही तेच. मग अंथरूणही उचलून पडवीत टाकलं. मावशी माझ्या खोलीत येऊन रडली. "मी काय केलं गं, मृण्मयी? चाळीस वर्सांत असं कदी तोडून वागले न्हाईत."

पुढच्या तपासणीला बावधनला मीही सोबत गेले. डॉक्टर शुभांगी यंत्र तपासत होत्या, तेवढ्यात आबा म्हणाले, "बाई, माझ्या काळजाला भोकं पडत्यात म्हनं. मग मला जो शिवंल त्याच्या काळजाला बी पडत आसतील. तारंला चिकटलेल्याला धरलं की धरणारा बी जातो. आन हिची वाटी तर काशाची."

मावशी बघतच राहिली. "म्हून पाय वढून घेत व्हता व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "भोकं पडतात, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण ती डोळ्यांना न दिसणारी, आणि बहुतेक लगेच बुजतात. काही पेशी दमतात, थोड्या मरतातही. म्हणून आज यंत्र असं लावून दिलंय, की जमेल तिथे ते आधी हलक्या ठोक्यांनी हृदयाला वळणावर आणेल. नाहीच ऐकलं, तरच झटका. तो दिला नाही, तर सगळंच हृदय जाईल. आणि शिवणाऱ्याला फार तर मुंग्या येतील."

आबांनी मान डोलावली. "म्हंजी भाताच्या लावणीवानी. रोप उपटलं की मुळं तुटत्यात, आठ दिस पिवळं पडतं. एखादं मरतं बी. पर बाकीचं धरतं."

पण पटलं म्हणून भीती थोडीच जाते? घरी आल्यावरही दोन दिवस पाय पोटाशीच. शेवटी मावशीने ओट्यावर वाटी आपटली. "तुमच्या काळजाचं तुमी बघा, माझ्या काळजाचं मी बघते. पाय करा हिकडं." आबांनी डोळे घट्ट मिटून एक पाय पुढे केला.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी वाटी चालू असतानाच आबा दचकून ताठ झाले, तोंडून "आयोव" निघालं. झटका! मी दवाखान्याला फोन लावायला धावले. फोन कानाला होता तेवढ्यात आबांचा आवाज आला. चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी पहिलं विचारलं ते एवढंच, "अनसूये, तुला लागलं का?"

मावशीची वाटी त्यांच्या तळपायावरून हललीसुद्धा नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "आता दुसरा पाय द्या."