विलायतेचा मुराळी

माझी शाळा चौथीत सुटली. पण धामणगाव बढ्याच्या आसपास बैल पारखण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आधीच लिहून ठेवतो. नातीचं विलायती बँकेचं कार्ड मी निवडलं ते त्याच जोरावर.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, आमरस होतो, खापरावर मांडे होतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला आणायला जातं, त्याला मुराळी म्हणतात. माझी बहीण देऊळघाटला दिलेली. तिला आणायला मी कितीतरी वर्षं बैलगाडीनं राजूरचा घाट चढून गेलो. लेकीला घेऊन परत आलं की आमच्या घरात मुराळ्याला नवी टोपी मिळते. माझ्या तेवढ्या टोप्या गावात कोणाच्या नाहीत.

माझी नात, मुलाची मुलगी, शिकून विलायतेत नोकरीला लागली. लग्न व्हायचं आहे, पण एवढी दूर राहते ती माहेरवाशीणच, असं मी धरतो. पहिल्या आखाजीला तिचा फोन आला.

"आबा, मी तिकीट काढून येते."

"तू काऊन काढतं? आपल्या घरची पोरगी आपल्या खर्चानं आखाजीले आली नाही आजवर."

"मंग पाठवा मुराळी!"

आता विमानाचं तिकीट माझ्या मिरचीला झेपणारं नव्हतं, आणि मुलापुढे मी हात पसरत नाही. पण तिनं तिकीट काढायचं नाही, यावर मी अडून राहिलो. तीही माझीच नात. म्हणाली, "ठीक हाये. मुराळी येईन तवाच मी येईन." आणि खरंच आली नाही. पुढच्या आखाजीलाही नाही. लिंबाला झोका बांधला, त्यावर शेजारच्या पोरी खेळल्या.

म्हातारी मला बोलायची, "दोघंबी एकाच दाव्याचे! आता मुराळी काय बैल जुंपून समुद्रातून जाईन?"

मग एक दिवस नातीनं फोनवर तोंड दाखवलं आणि म्हणाली, "आबा, एक कार्ड निवडाचं हाये. महिना झाला, डोकं चालत नाही."

गोष्ट अशी होती. तिचं ऑफिस तिला दर पंधरवड्याला नव्या देशात पाठवतं. तिकीट, हॉटेल, जेवण ती आधी स्वतःच्या कार्डावर करते, ऑफिस मागून पैसे देतं. चांगलं कार्ड असलं तर प्रत्येक खर्चावर पॉइंट मिळतात, आणि पॉइंट साचले की त्याचं विमानाचं तिकीट होतं. अशी तीन कार्डं तिच्यासमोर होती.

"तीन बैल हायेत असं समज," मी म्हटलं. "आन एकेक फिरवून दाखव."

पहिलं काळंभोर, धातूचं. टेबलावर ठेवलं की खणकन वाजतं म्हणे. पॉइंट भरपूर, शिवाय विमानतळावर सोफ्यावर बसवून फुकट खाऊ घालतात.

"शिंगं रंगवेल दिसतात. वर्षाचा खुराक किती?"

तिनं वर्षाची फी सांगितली. मी खाटेवर उठून बसलो.

"तू इमानतळावर बसतं किती वेळ?"

"कुठची बसते आबा! पळतपळतच पोचते."

"मंग सोफ्याले काऊन चारतं? सोड त्याले."

दुसरं एका विमान कंपनीचंच कार्ड. त्याच्या पॉइंटांवर फक्त त्यांच्याच विमानात बसता येतं.

"ते इमान मुंबईले येते?"

"नाही. तिकडच्या तिकडंच फिरते."

"आपल्या वाटंचा बैल नाही तो."

तिसरं अगदी साधं, निळं. पॉइंट हळू साचतात. पण ते पाचसहा विमान कंपन्यांपैकी वाटेल तिकडे वळवता येतात. फी नाही. आणि दुसऱ्या देशाच्या पैशात खर्च केला तर बाकीची दोन कार्डं दरवेळी वर कापून घेतात, हे कापत नाही. जी पोरगी आज युरोत जेवते आणि उद्या आणखी कशात, तिला हेच बघायला हवं होतं, आणि हेच तिनं शेवटी सांगितलं!

"हा बैल जुवाच्या दोन्ही अंगानं चालते," मी म्हटलं. "घे. पण थांब, खोड इचारली का?"

"कार्डाची काय खोड राहते आबा?"

"बिनखोडीचा बैल मी पाह्यला नाही. इकणाऱ्याले तोंडावर इचाराची. बाजाराची रीत हाये."

तिनं मला फोनवर तसंच ठेवलं आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला लावला. तिकडच्या बाईला इंग्रजीत काय विचारलं कोण जाणे. बाई आधी हसली, मग बराच वेळ बोलली. नातीनं सांगितलं, "आबा, ती म्हणते, असं आजवर कोणी इचारलं नाही. खोडी दोन. महिन्याचं बिल पूर्ण नाही भरलं तर व्याज असं लागते की पॉइंट त्याच्यात वाहून जातात. आन वर्षभर कार्ड वापरलं नाही तर साचलेले पॉइंट मरतात."

"म्हंजे दावणीले उभा ठेवाचा नाही, आन बिल आलं की त्याच दिवशी मोकळा कराचा. घे बिनधास्त."

तिनं घेतलं. वर्षभर मला कधी पोलंडमधून, कधी स्वित्झर्लंडमधून फोन. "आबा, बैल चालून राह्यला!" मी गावात सांगत फिरलो. लोकांना वाटलं पोरीनं तिकडे शेती घेतली.

आखाजीला दोन महिने होते तेव्हा ती म्हणाली, "आबा, पॉइंटात जाऊन-येऊन तिकीट बसते. येऊ?"

म्हातारी पदर सावरून फोनजवळ आली. आणि माझ्या तोंडून गेलं, "फुकटच्या तिकिटावर? आपल्या घरची पोरगी?"

म्हातारी तिथून उठूनच गेली. जाताजाता एवढंच म्हणाली, "बसा आता टोप्या मोजत."

नात मात्र चिडली नाही. म्हणाली, "आबा, कार्ड कोणं पारखलं? तुमी. वाट कोणं दाखवली? तुमी. मंग मुराळी कोणाचा झाला?"

मी दोन दिवस विचार केला. मला आठवलं, देऊळघाटला जाताना एका वर्षी आमचा बैल लंगडत होता, तर शेजाऱ्याची जोडी मागून नेली होती. तेव्हा वडील म्हणाले होते, बैल दुसऱ्याचे असले तरी वैरण आपली पाहिजे, मग गाडी आपलीच. मी नातीला फोन लावला.

"त्या तिकिटात रोख काहीच लागत नाही?"

"लागते ना. कर भराचा राहते. तो पॉइंटात नाही होत."

"तो मी भरतो. वैरण माह्यी."

"आबा, मी भरते ना..."

"मंग मुराळी परत बोलवतो मी!"

ती इतकी हसली की फोन हातातून पडला. मिरचीचे पैसे होते, मुलाच्या हातून त्याच दिवशी पाठवले. तो "राहू द्या" म्हणाला, त्याला मी पैशांसकट घराबाहेर पिटाळलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मलकापूर स्टेशनावर मी गाडीच्या दोन तास आधीपासून उभा होतो. नात उतरली, पाया पडली, आणि पाकिटातून ते निळं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. "घ्या, तुमचा मुराळी. सुखरूप घेऊन आला."

कडा झिजल्या होत्या. कामाचं जनावर असंच दिसतं.

घरी आल्यावर मी कार्ड पाटावर ठेवलं आणि त्याच्यापुढे नवी कोरी टोपी ठेवली. रीत ती रीत. म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "आवं, त्याले डोकं कुठं हाये घालाले?"

"मले हाये!" म्हणत नातीनं टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि लिंबाकडे पळाली. शेजारच्या पोरींना उतरवून झोक्यावर उभी राहिली.

"आबा, झोका द्या!"

दिला. मांडे होईपर्यंत देत राहिलो.